कलावतीबाईंची कंबर

कलावतीबाई वासनिकांनी नेसवलेली साडी सुटत नाही, ही गोष्ट जबलपूरच्या मराठी घरांत इतकी पक्की होती की मुलीचं लग्न ठरलं की आधी कलावतीबाईंची तारीख विचारली जाई आणि मग मुलाकडच्यांची. चेरीतालच्या मेश्राम-रामटेक्यांकडे पांढरी सहावारी, दीक्षितपुऱ्यातल्या जुन्या मराठे-ब्राह्मणांकडे नऊवारी. बाईंना दोन्ही सारख्याच. दीक्षितपुऱ्यात साडी नेसवून झाली की 'तुम्हाला घरी जायची घाई असेल ना' असं त्यांना फार प्रेमानं विचारलं जाई. बाईंना घाई नसे. त्या ठिय्या देऊन पंगतीला बसत आणि श्रीखंड दोनदा मागून घेत. वाटीभर खाऊन झालं की मात्र पोट भरे आणि उरलेलं वाया जाई, पण तो तत्त्वाचा प्रश्न होता.

निऱ्या काय, कुणीही घालतं, असं त्यांचं म्हणणं होतं. साडी ही नुसती वरची शोभा; ती उभी असते परकराच्या नाड्यावर. नवरीला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं, पूर्ण श्वास सोडायला लावायचा, आणि तो बाहेर गेला आणि दुसरा अजून आत आला नाही त्या नेमक्या क्षणी नाडा आवळायचा. उजव्या बाजूला दोन गाठी. त्यानंतर नवरीला जेवढा श्वास घेता येई तेवढा लग्न लागण्यापुरता होई. एकदा एक नवरी स्टेजच्या पायऱ्यांवरून खाली आली ती उतरून नव्हे, गडगडत. तिचा पाय दोन ठिकाणी मोडला, निरी एका ठिकाणीही मोडली नाही. प्लास्टर घालायला डॉक्टरांना कात्री मागवावी लागली. ही हकिकत कलावतीबाई स्वतः कधी सांगत नसत. कुणी सांगायला लागलं तर थांबवतही नसत.

स्वतःचा नाडा त्या एकोणिसाव्या वर्षी, लक्ष्मणरावांशी लग्न झालं त्या सकाळी बांधायला लागल्या आणि सत्तेचाळीस वर्षं रोज त्याच जागी, त्याच दोन गाठींनी बांधत आल्या. कमरेभोवती दोन बोटं रुंदीचा काळा, खरखरीत पट्टा उमटला होता. सगळ्याच बायांना थोडाफार असतो. कलावतीबाईंचा जास्त ठसठशीत होता, आणि शाळेत अडतीस वर्षं मुलं हाकून निवृत्त झालेल्या या मास्तरणीला त्याचा आतल्या आत अभिमानच होता.

दिवाळीच्या साफसफाईत त्या पट्ट्यावर, बरोबर गाठीखाली, एक फोड आला. टिकलीएवढा. बाईंनी हळद लावली. फोड बोराच्या बीएवढा झाला. बाईंनी कडुलिंबाच्या पाण्यानं धुतला, खोबरेल लावलं. संक्रांतीला त्यातून थोडं रक्त आलं, तेव्हा त्यांनी लक्ष्मणरावांचा एक रुमाल चौपदरी घडी करून त्यावर ठेवला, आणि रुमाल घसरू नये म्हणून नाडा आणखी एक बोट आवळला. रुमाल जागचा हलला नाही. फोडही हलला नाही.

नवऱ्याला सांगायचा प्रश्नच नव्हता. लक्ष्मणराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून वर्तमानपत्रातलं आरोग्याचं पान कात्रीनं कापून ठेवत असत आणि त्या पानावरचा प्रत्येक आजार त्यांना आठवडाभर तरी होत असे. गेल्याच महिन्यात त्यांना गर्भाशयाचा त्रास होता होता राहिला होता, तो बायकांचा आजार आहे हे शेवटच्या ओळीत कळल्यामुळे. अशा माणसाला फोड दाखवणं म्हणजे घरात दोन रोगी करून घेणं. तर लक्ष्मणराव आपले रुमाल कुठे जातात याचा शोध घेत राहिले आणि कलावतीबाई एकामागून एक लग्नं उरकत राहिल्या.

मे महिन्यात विजय नगरच्या रामराव रामटेक्यांच्या विभावरीचं लग्न आलं. विभावरी डॉक्टर होती, तीही चामडीची. एवढी शिकून पोरगी लोकांची खरूज बघते याचं तिच्या आईला, प्रमोदिनीबाईंना, वाईट वाटे, पण मुलगा भोपाळचा इंजिनियर मिळाला होता, तेव्हा ते आता कुणी काढत नव्हतं. लग्न सकाळी अकराचं, विजय नगरातल्याच एका मॅरेज गार्डनमध्ये. भंतेजी साडेदहालाच येऊन आसनावर बसले होते. वरात कोपऱ्यापर्यंत आली होती, आणि बँडवाल्यांनी तिथेच ठाण मांडलं होतं, कारण नवरदेवाच्या मामांना अजून नाचायचं होतं.

मागच्या खोलीत दार लावून कलावतीबाईंनी नवरीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि श्वास सोडायला सांगितलं.

विभावरी वळून म्हणाली, "मावशी, ज़रा ढीला. सैल बांधा ना."

कलावतीबाईंनी हा शब्द आपल्या उभ्या कारकिर्दीत पहिल्यांदा ऐकला. नवरीमुलींनी त्यांच्यापुढे 'आई गं' म्हटलं होतं, 'मेले' म्हटलं होतं, सागरच्या एका मुलीनं इंग्रजीत काहीतरी म्हटलं होतं. सैल कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवून दोरी हातात घेतली. विभावरीनं दोरी धरून ठेवली. मग मराठीत सुरू करून हिंदीत शेवट करत ती समजावून सांगायला लागली, की वर्षानुवर्षं एकाच जागी दोरी काचली की कातडी आधी काळी पडते, मग जाड होते, मग तिथे जखम होते, आणि कधीकधी ती जखम भलत्या वळणावर जाते. तिनं स्वतः ओपीडीत अशा दोन बाया पाहिल्या आहेत.

बाई म्हणाल्या, "डॉक्टर झाली म्हणून मले शिकवून राहिली का? सत्तेचाळीस वर्षं बांधून राहिली मी. काय झालं मले? एक फोड आहे इवलासा, तोही दिवाळीपासून. बिचारा एका जागी गप बसून आहे."

विभावरीनं दोरी सोडून दिली. "दिवाळीपासून?"

"मग."

"आता मे आहे, मावशी."

कलावतीबाईंना महिने मोजता येत होते. मोजले नव्हते एवढंच.

विभावरी म्हणाली, दाखवा. बाई म्हणाल्या, चल वेडी. विभावरी परकर-पोलक्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली की आपल्याला घाई नाही. बाहेर बँड कोपऱ्यावरून सुटून फाटकाशी आला. प्रमोदिनीबाईंनी दार वाजवून विचारलं, झालं का. आतून दोघींनी एकाच वेळी 'होत आलं' म्हटलं. कलावतीबाईंची कंबर आजवर कुणी पाहिली नव्हती. लक्ष्मणरावांनी पाहिली होती का, हे त्यांनी त्या घाईत आठवून पाहिलं, आणि खात्रीनं सांगता येईना. शिवाय नवरी बघायची सोडून नवरीनंच आपल्याला बघायचं, ही कुठली रीत? आणि दुसऱ्या बाजूला हेही होतं, की कलावतीबाईंनी हातात घेतलेली नवरी परकरावर राहिली आणि लग्न खोळंबलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत चेरीतालला पोचली असती आणि रात्रीच्या जेवणाला दीक्षितपुऱ्यात वाढली गेली असती.

विभावरीनं सौदा टाकला. "तुम्ही दाखवा, मी तुम्हाला हवा तेवढा घट्ट बांधू देते."

"दोन गाठी?"

"दोन."

बाईंनी पदर बाजूला केला, स्वतःचा नाडा सैल केला आणि पहिल्यांदाच दुसऱ्या कुणापुढे रुमालाची घडी उचलली. विभावरीनं मोबाइलचा टॉर्च लावला, बघितलं, आणि दाराशी जाऊन आईला म्हणाली की केटररकडून एक प्लास्टिकचा हातमोजा आण, नवा. प्रमोदिनीबाईंना वाटलं मेंदी सांभाळायला असेल. त्यांनी पाणीपुरीच्या काउंटरवरून दोन आणले.

मग मेंदीवर पाणीपुरीचे हातमोजे चढवून, पांढऱ्या परकरातली नवरी गुडघ्यांवर बसून कलावतीबाईंची कंबर तपासू लागली. बाहेर नवरदेवाचे मामा फाटकात आडवे झाले होते, त्यांना नागीण-नाच चढला होता. विभावरीनं फोडाच्या कडा दाबल्या. त्या पुरीच्या काठासारख्या उचललेल्या आणि टणक होत्या. मग तिनं जांघेत गाठी लागतात का ते चाचपलं, तेव्हा बाईंना इतक्या गुदगुल्या झाल्या की त्या भिंतीला धरून हसायला लागल्या. प्रमोदिनीबाई दाराबाहेर निश्चिंत झाल्या. पोरगी हसतखेळत तयार होते आहे.

हसू ओसरल्यावर बाईंच्या लक्षात आलं की विभावरी हसलेली नाही.

"कॅन्सर आहे का?" त्यांनी विचारलं. हा शब्द आपल्या तोंडून इतक्या सरळ निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं.

"असू शकतो. तुकडा काढून तपासल्याशिवाय मी नाही सांगणार. पण गाठी लागत नाहीत हाताला, ही चांगली गोष्ट आहे. देखो मावशी, पोलक्याला आतून कसं अस्तर असतं?"

आणि मग तिनं सांगितलं ते कलावतीबाईंना पुढे इतकं पाठ झालं की त्या ते कुणालाही, रिक्षावाल्यालासुद्धा, सांगत. अंगाला बाहेरून आणि आतूनही एक अस्तर असतं, चपट्या पेशींचं, माशाच्या खवल्यांसारखं एकावर एक. हे अस्तर घासलं, भाजलं, उन्हानं करपलं की पेशी त्याला रफू करतात. पुन्हा घासलं, पुन्हा रफू. वर्षानुवर्षं असं चाललं की एखादी रफू करणारी बिथरते. भोक बुजलं तरी थांबत नाही, टाके घालतच सुटते. तो हा कॅन्सर. अस्तर जिथे जिथे, तिथे तो होऊ शकतो: तंबाखू दाबून ठेवतात त्या गालात, जिभेच्या कडेला, घशात, अन्ननलिकेत, फुप्फुसाच्या नळ्यांत, गर्भाशयाच्या तोंडाशी; उन्हात राबणाऱ्याच्या कानावर, खालच्या ओठावर; भाजल्याच्या जुन्या व्रणावर. आणि साड्या नेसणाऱ्या बायांच्या कमरेवर, धोतर नेसणाऱ्या म्हाताऱ्यांच्याही.

कलावतीबाईंनी विचार करून विचारलं, "म्हणजे पोलीसवाल्यांच्या पट्ट्याचं काय?"

विभावरी पहिल्यांदा हसली. म्हणाली, पट्टा रुंद असतो, शर्टावर असतो. दोरी बारीक, अंगावर, आणि तुमच्यासारखीनं आवळलेली. मग ती उभी राहिली, हातमोजे काढले, भिंतीकडे तोंड केलं आणि सगळा श्वास सोडून दिला. बोलल्याप्रमाणे.

बाईंनी नाड्याची टोकं धरली. तो क्षण आला, आणि गेला. विभावरीनं दुसरा श्वास घेतला, तोही सोडला. कलावतीबाईंच्या हातांना आवळता येईना. त्यांनी साधी एक गाठ मारली, सुरवारीला मारतात तशी, आणि त्यावर साडी नेसवली.

"दोन म्हटल्या होत्या," विभावरी म्हणाली.

"गप उभी राय."

रामटेक्यांच्या अल्बममध्ये आजही बघायला मिळेल: भंतेजींसमोर नवरा-नवरी, आणि नवरीच्या पाठीला चिकटून कलावतीबाई. हार घालताना कलावतीबाई. वंदना घेताना नवरा-नवरी वाकलेले, मागे कलावतीबाई वाकलेल्या. त्यांची दोन बोटं सबंध वेळ विभावरीच्या कमरेशी परकराच्या काठात अडकवलेली होती, कारण ती साडी कशाच्या भरवशावर उभी आहे हे फक्त त्यांना ठाऊक होतं. भोपाळच्या लोकांना त्या नवरीच्या आजी वाटल्या, आणि आजीचा जीव नातीत इतका गुंतलेला पाहून नवरदेवाच्या मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्टेजवर फोटोसाठी नवरदेवानं हळूच विचारलं की ह्या आपल्याबरोबर भोपाळलाही येणार आहेत का.

साडी सुटली नाही. बाईंचं तेवढं नाव राहिलं.

चौथ्या दिवशी विभावरी भोपाळचं रिसेप्शन उरकून परत आली आणि फोनवरून बाईंना ओपीडीत बोलावलं. आता लक्ष्मणरावांना सांगणं भाग होतं. बाईंनी चहा देताना सांगितलं. लक्ष्मणरावांनी सगळं ऐकून घेतलं, आणि ज्या माणसाला आजवर दीडशे आजार होऊन गेले होते तो माणूस एकही कात्रण न काढता उठला, पायात चपला घातल्या आणि दारात जाऊन उभा राहिला. म्हणाला, चल. रिक्षात बसल्यावर तेवढं त्यानं विचारलं, "रुमाल काहून नेत होती? मागितला असता तर नवा दिला असता ना."

तुकडा काढायला पाच मिनिटं लागली, रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत कलावतीबाईंनी दोन लग्नं नाकारली, कारण काय ते सांगितलं नाही, आणि गावात अशी हवा झाली की बाईंनी दर वाढवले. रिपोर्ट आला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. तोच, बिथरलेल्या रफूवालीचा. पण वरवरचा, फार खोल न गेलेला.

विभावरीच्या टेबलासमोर स्टुलावर बसून बाईंनी कागद दोनदा खालीवर बघितला. मग शाळेत निकालाच्या दिवशी मुलं विचारायची तसं, खाली बघून विचारलं, "मी मरून राहिली का?"

"ह्यानं मरायचं तर तुम्हाला अजून खूप मेहनत करावी लागेल, मावशी. आणखी चार वर्षं रुमाल ठेवून नाडा आवळावा लागेल. तेवढी तुम्हाला फुरसत आहे का?"

नाही म्हणाल्या.

ऑपरेशन एका सर्जननं केलं, जागा बधिर करून, फोड आणि भोवतालची बोटभर चांगली कातडी काढून. बाई जाग्याच होत्या. टाके घालताना त्यांनी डोकं उचलून बघायचा प्रयत्न केला आणि सर्जनला सांगितलं की टाका जरा बारीक घ्या, मी बघून राहिली. काढलेला तुकडा पुन्हा तपासायला गेला. त्याच्या कडा स्वच्छ निघाल्या तर सुटलो, नाही तर पुन्हा कापायचं, असं विभावरीनं कुठलंही अस्तर न लावता सांगितलं.

पुन्हा वाट बघणं आलं, आणि या वेळी नाड्याशिवाय. कमरेला काहीही बांधायची सक्त मनाई होती. पहिले दोन दिवस कलावतीबाई गाऊनमध्ये घरात अशा फिरल्या की कुणीतरी पाळत ठेवून आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी श्यामसुंदर टेलरला बोलावून घेतलं आणि परकराला खांद्यावरून पट्ट्या लावून दे म्हणाल्या, लहान मुलींच्या फ्रॉकसारख्या. श्यामसुंदर चाळीस वर्षं शिवत होता. त्यानं माप घेतलं, कमरेचं माप लिहायच्या जागी काय लिहू विचारलं. बाई म्हणाल्या, लिहूच नको.

त्या खांद्यावरून टांगलेल्या परकरावर साडी नेसून त्या रविवारी विहारात गेल्या, आणि वंदना झाल्यावर बायांना मागच्या खोलीत बोलावलं. आत बावीस बाया गेल्या. दार लागलं. पुरुष मंडळी अंगणात बसली होती. त्यांना आधी पूर्ण शांतता ऐकू आली, मग कलावतीबाईंचा शाळेतला आवाज, 'पदर वर, रांगेनं या', मग एकदम हसण्याचा जो कल्लोळ उठला तो काही थांबेचना. आत बावीस कमरा उजेडाला लागल्या होत्या आणि कुणाचा पट्टा जास्त काळा यावर भांडण लागलं होतं. शेवंता खोब्रागडेचा पहिला आला. एका बाईच्या पट्ट्यावर खरडल्यासारखी जागा होती, आठ दिवसांची. तिला विभावरीच्या नावाची चिठ्ठी मिळाली. बाकीच्यांना हुकूम झाला की नाडा रोज दोन बोटं वर-खाली करायचा, रुंद पट्टीचा वापरायचा, आणि सैल. शेवंता म्हणाली, सैल ठेवला आन् बाजारात सुटला तर? कलावतीबाई म्हणाल्या, सुटला तर उचलायचा, माणूस सुटला तर कोण उचलून राहिलं?

पंधरवड्यात श्यामसुंदरकडे खांद्याचे एकतीस परकर शिवायला आले. हे मराठी लोकांत नवीन काय निघालं, असं त्यानं लक्ष्मणरावांना विचारलं. लक्ष्मणरावांनी दुकानाच्या पायरीवर बसून त्याला अस्तर, रफू आणि खवले सगळं समजावून दिलं, आणि मग सहज म्हणून त्याचा कान उजेडाकडे वळवून बघितला.

कडांचा रिपोर्ट बुधवारी आला. कलावतीबाई आणि लक्ष्मणराव सकाळी नऊपासून बाकावर बसले होते. लक्ष्मणरावांनी वर्तमानपत्र आणलं होतं. आरोग्याचं पान त्यांनी घरीच ठेवलं होतं. विभावरी साडेअकराला बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, कारण तिच्या तोंडावर मास्क होता.

"साफ है," ती म्हणाली. "चारी बाजू, आणि खालूनही. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, टाळाटाळ नाही. चलो, जा आता."

कलावतीबाई उठल्या. त्यांनी पोट भरून श्वास घेतला, नवरीला सोडायला लावत तसा नव्हे, आतला, सगळा, बरगड्या फाकवून खालपर्यंत. आणि तो कुठेच अडला नाही. त्यांना जरा चक्कर आल्यासारखं झालं. त्यांनी दुसरा घेतला. लक्ष्मणराव घाबरून डॉक्टरला हाक मारणार होते, पण बाई हसत होत्या.

बाहेर येऊन दोघं खोव्याच्या जिलेबीच्या दुकानात शिरली. लक्ष्मणरावांनी नेहमीप्रमाणे एक प्लेट आपल्याला आणि त्यातली एक जिलेबी बायकोला, असा हिशेब धरून मागवलं. बाईंनी ती एक खाल्ली. मग त्यांच्या प्लेटमधली दुसरी घेतली, तिसरी घेतली, आणि काउंटरकडे बघून स्वतःसाठी वेगळी प्लेट मागवली. सत्तेचाळीस वर्षं त्यांना वाटत होतं की आपलं पोटच लहान आहे. सासूही म्हणायची, सुनेचं खाणं चिमणीचं.

चौथ्या जिलेबीचा पाक कोपरापर्यंत आला. लक्ष्मणराव रिकाम्या प्लेटीकडे आणि मग बायकोकडे बघत म्हणाले, "अजून?"

"थांबा ना," कलावतीबाई म्हणाल्या, "कुठपर्यंत जाते ते तर पाहू द्या."